तिलाच एवढी थंडी का वाजते?



आज सकाळी रेडिओ केंद्रावर यायला निघाले तर गाडीच्या सीटवर दव साचलेलं, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर वर चढत होता. आपल्या निफाडची थंडी आता टीव्हीच्या बातम्यांतसुद्धा असते. पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून लोक पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. घडाला थंडी बाधू नये म्हणून एवढा जीव टाकतात. आणि त्याच बागेत सकाळी सातला कामाला आलेल्या बाईच्या अंगावर काय असतं? साडी, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्याला टॉवेल. असो.

ही झाली सगळ्यांना वाजणारी थंडी. मला आज बोलायचंय ते जिला सगळ्यांपेक्षा जास्त थंडी वाजते तिच्याबद्दल. प्रत्येक गटात अशी एक तरी असते. बाकीच्या पंख्याखाली जागा शोधतात आणि ही पदर कानाला गुंडाळून कोपऱ्यात बसते.

आमच्या एका गटातही अशी एक आहे. "गोष्ट सांगा, पण माझं नाव नका सांगू," असं तिने बजावलंय. मी तिला अक्का म्हणते, इथेही तेच म्हणते. मार्च महिना, शाळेच्या ओट्यावर बैठक. आम्ही पदराने वारा घेतोय आणि अक्का मुलाचा शाळेचा निळा स्वेटर घालून उन्हाच्या तिरिपेत सरकून बसलेली. "अक्का, तुमचं माहेर काय फ्रिजमध्ये होतं का?" असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळ्या हसायच्या. मीही हसलेय. नुसतं हसलेच नाही, तर गटाचा नियम आहे, बैठकीला उशीर झाला की दहा रुपये दंड, तो तिच्या नावावर तीन वेळा मीच लिहिलाय. ती म्हणायची, "चढ चढताना दम लागतो हो ताई, मधे बसावं लागतं." मला वाटायचं, कारणं सांगते.

पुढे गावात रक्ताची तपासणी होती. अक्का रांगेतून दोनदा निसटली. शेवटी आशाताईंनी हात धरून बसवली. हिमोग्लोबिन निघालं ६.२. सिस्टरांना वाटलं मशीन चुकलं, त्यांनी दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. पुन्हा तेवढंच.

आता हा आकडा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याच्या वर असायला हवं, गरोदर बाईचं ११. आठाच्या खाली गेलं, गरोदरपणात साताच्या खाली गेलं, की डॉक्टर त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. अक्का ६.२ वर कांदे लावत होती, पाणी वाहत होती, आणि वर दंड भरत होती.

पण रक्त कमी असण्याचा आणि थंडी वाजण्याचा संबंध काय? हे मला स्वतःलाच आधी कळत नव्हतं. उपकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी चुलीचं उदाहरण दिलं, ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

आपलं शरीर ही सदा पेटलेली चूल आहे. बाहेर वैशाख असो की पौष, आतली ऊब ३७ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. नुसतं बसून असलं तरी माणसाच्या अंगातून पूर्वीच्या त्या पिवळ्या शंभराच्या बल्बाएवढी उष्णता निघत असते. चूल पेटती राहायला काय लागतं? सरपण लागतं, म्हणजे आपलं जेवण. वारा लागतो, म्हणजे श्वासातला प्राणवायू. तो फुप्फुसातून उचलून अंगाच्या कानाकोपऱ्यात पोचवायचं काम रक्तातलं हिमोग्लोबिन करतं. आणि जाळ कमीजास्त करणारा, लाकूड पुढे सारणारा हात लागतो. ते काम गळ्यातली थायरॉईडची गाठ करते. या तिन्हींतलं एक जरी ढिलं पडलं तरी चूल धुमसते, धड पेटत नाही. अक्काच्या अंगात फुंकणीच फुटलेली होती. प्राणवायू पोचायचा नाही म्हणून दम, थकवा, छातीत धडधड, आणि तीच थंडीसुद्धा. शिवाय रक्त अपुरं पडलं की शरीर आधी हृदय-मेंदू सांभाळतं, हातापायांचा वाटा कमी करतं. म्हणून बोटं गार पडतात, तळवे आणि नखं पांढरट दिसतात. खालची पापणी ओढून आरशात बघा. आतून लालसर न दिसता फिकी दिसली तर तपासून घ्या. पण पापणी लाल दिसली म्हणून निर्धास्तही राहू नका, खरं काय ते तपासणीच सांगते.

अक्का काही एकटी नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांमागे ५४ जणींना रक्तक्षय निघाला. म्हणजे वीस जणींचा गट बसला असेल तर त्यात दहा-अकरा. आपल्याला तो दिसत नाही, कारण सगळ्याच दमलेल्या असतात. सगळ्याच दमलेल्या असल्या की दमणं हेच बाईचं रीतसर अंग वाटायला लागतं.

अक्काला दवाखान्यात विचारलं, पाळी किती दिवस जाते? म्हणाली, "जाते की आठ-नऊ दिवस, सगळ्यांची जाते तशी." सगळ्यांची तशी जात नाही. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. किती वर्षं दर महिन्याला वाजवीपेक्षा जास्त रक्त जात होतं आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. मैत्रिणींनो, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तास-दोन तासांत कापड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर दवाखान्यात दाखवा. जावेला विचारून तिचीही तशीच निघाली म्हणून गप्प बसू नका. कदाचित दोघींनाही दाखवायची गरज असेल.

रक्त कमी होण्याचं आणखी एक कारण आपल्या पायाखाली असतं. अंकुशकृमी नावाचे जंत घाणेरड्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. परसाकडे जिथे लोक बसतात तिथली माती पायाला लागली की झालं. त्यावरची जंताची गोळी साधी, स्वस्त असते, सरकारी दवाखान्यात मिळते. शेतात चप्पल घालून जायचं, एवढंच. चिखलात चप्पल रुतते हे मलाही माहीत आहे, कांदे मीही लावलेत. पण रबरी बूट आता बाजारात मिळतात, आणि गटातून खतासाठी कर्ज घेतो तर बुटांसाठी का नाही?

लोहाच्या गोळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गोळी मिळते पण ती डब्यात राहते. मुलींना शाळेत मिळते ती निळी, गरोदरपणात मिळते ती लाल. ही गोळी घेतली की शी काळी होते. घाबरायचं नाही, लोहामुळे होते तसं. कुणाला मळमळतं, कुणाला पोट साफ होत नाही. अशा वेळी गोळी बंद न करता रात्री जेवणानंतर घ्या, पाणी भरपूर प्या, तरीही सोसत नसेल तर सिस्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. गोळीबरोबर लिंबू, आवळा, पेरू असं काही आंबट खाल्लं तर लोह जास्त अंगी लागतं. चहा मात्र गोळीच्या आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर नको. चहाने लोह अडतं. भाकरी खाऊन उठलं की पहिला कप चहा, ही माझीही सवय होती, अजून पूर्ण सुटलेली नाही. खरं ते सांगते. आणि आकडा १२ ला पोचला की लगेच गोळ्या थांबवू नका. अंगातलं लोहाचं कोठार रिकामं झालेलं असतं, ते भरायला पुढे आणखी काही महिने लागतात, डॉक्टर सांगतील तोवर घ्यायच्या.

लोखंडी कढईत भाजी करा, मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, अळिवाचे लाडू हे सगळं खा. त्याने रक्त टिकतं. पण सहावर आलेला आकडा गुळाचा खडा खाऊन बारा होत नाही. अक्काला शिरेतून लोहाचं औषध द्यावं लागलं. पुढच्या दिवाळीपर्यंत ती साडेदहावर आली.

आता दुसरी गोष्ट. शेजारच्या गावातली एक ताई अक्काची गोष्ट ऐकून तपासायला गेली. तिलाही बारमाही थंडी. हिमोग्लोबिन निघालं साडेबारा, अगदी ठीक. ती खूश होऊन घरी आली आणि पुन्हा पांघरूण घेऊन झोपली. पण तिचं वजन वाढत होतं, जेवण तेवढंच असून. आवाज बसल्यासारखा झाला होता, कातडी कोरडी, केस गळत होते, चार-चार दिवस पोट साफ होत नव्हतं, आणि भर दुपारी डोळे मिटायचे. सासू म्हणायची, आळस चढलाय. तिची थायरॉईडची गाठ मंदावली होती. चुलीत सरपण होतं, वाराही होता, पण लाकूड पुढे सारणारा हात थांबला होता. थायरॉईडची रक्ततपासणी वेगळी असते, नुसत्या हिमोग्लोबिनमध्ये ते कळत नाही. त्याची गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहाच्या आधी किमान अर्धा तास. आणि कुणाला थायरॉईडची आणि लोहाची अशा दोन्ही गोळ्या चालू असतील तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. एकदम घेतल्या तर थायरॉईडची गोळी नीट लागू पडत नाही. ही चूक खूप जणी करतात, कारण सगळ्या गोळ्या एकाच डब्यात असतात.

आणखी काही कारणं भराभर सांगते. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी रक्त कमी होतं आणि हातापायांना मुंग्या येतात. जिच्या जेवणात दूध, दही, अंडी, मांसमच्छी यांतलं काहीच नाही तिने हे तपासावं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हातपाय गार पडतात, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. गार पाण्यात हात घातला की बोटं आधी पांढरीफटक, मग निळी आणि मग लाल होऊन ठणकत असतील तर तेही दाखवा. आणि हुडहुडी भरून ताप येत असेल तर तो प्रकारच वेगळा, हिवतापासाठी रक्त तपासायला त्याच दिवशी जा.

मिश्रीचं बोलू का? बोलतेच. तंबाखूतल्या विषाने रक्ताच्या बारीक नळ्या आकसतात, बोटांपर्यंत ऊब पोचत नाही. सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावली की बरं वाटतं, ती ऊब चुलीची असते, मिश्रीची नसते. पुरुषांच्या दारूचंही असंच आहे. प्यायल्यावर अंग तापल्यासारखं वाटतं, पण त्या वेळी आतली ऊब कातडीवाटे बाहेर जात असते. थंडीच्या रात्री पिऊन बाहेर पडलेला माणूस म्हणूनच दगावतो.

आणि तिसरी गोष्ट माझी. माझे हात बारा महिने गार. सगळं तपासलं, काही निघालं नाही. काही माणसं असतातच अशी. तांब्यातलं पाणी हंड्यातल्या पाण्यापेक्षा लवकर गार होतं ना, तसं बारीक चणीच्या माणसाचं होतं. शिवाय अंगातली बरीचशी ऊब स्नायूंमध्ये तयार होते आणि बायकांच्या अंगात पुरुषांपेक्षा स्नायू कमी. म्हणून एकाच खोलीत नवरा पंखा लावतो आणि बायको गोधडी ओढते. यात कुणाचं नाटक नसतं. तेव्हा तपासण्या चांगल्या आल्या असतील तर काळजी सोडा आणि ऊब कशी धरून ठेवायची तेवढं बघा.

पहिलं सरपण. नुसता चहा घेऊन सहाला शेतात गेलं, तर पेटवायला अंगात आहे काय? आदल्या दिवसाची अर्धी भाकरी, तेल घातलेली तिळाची नाहीतर कारळ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे, एवढं पोटात टाकूनच बाहेर पडा. आपल्या जुन्या माणसांनी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी खायची रीत ऐन थंडीत उगीच नाही घातली. पण भोगी वर्षातून एकदा येते. रोज सगळ्यांना वाढून उरेल ते खाणारीला थंडी जास्त वाजणारच, तिच्या ताटात तूप-तेल पोचतच नाही.

दुसरं पांघरूण. गोधडी ऊब देते म्हणतो आपण. खरं तर गोधडी काहीच देत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकते आणि ती आपलीच ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक बरे. ब्लाऊजवर बनियन, त्यावर स्वेटर, वर शर्ट. आणि वर तीन गोधड्या घेऊन खाली नुसती चटई असेल तर फरशी रात्रभर ऊब ओढून घेते. एक गोधडी खाली घाला, तिच्याखाली गोणपाट. मोजे घट्ट नकोत, घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही. उठून चाललं, हात झटकले, दहा-वीस वेळा उठबस केली की स्नायू ऊब तयार करतात. थंडीने आपण कुडकुडतो तेही शरीराने स्वतःच केलेली उठबसच असते.

ओल्या कपड्यांसारखा थंडीचा दुसरा मित्र नाही. ओलं कापड कोरड्यापेक्षा कितीतरी पटींनी भराभर ऊब पळवतं. रात्रीची लाईट असते, पाणी भरून माणूस गुडघ्यापर्यंत भिजून येतं आणि तसंच शेकोटीपुढे बसतं. आधी ओलं बदला, मग शेका.

शेकोटीवरून एक फार महत्त्वाचं. शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं बंद खोलीत ठेवून झोपू नका. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावायची पद्धत अजून काही घरांत आहे. निखाऱ्यातून एक विषारी वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग जागच येत नाही. आणि बाळंतीण ही आधीच रक्त कमी असलेली बाई. खोली शेकायचीच असेल तर सगळे जागे असताना, दार उघडं ठेवून, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर. बाळाला उबेसाठी आईच्या उघड्या छातीशी धरा, टोपरं घाला, वरून दोघांना पांघरूण. त्याहून चांगली शेगडी नाही.

म्हाताऱ्या माणसांचं उलट असतं. काहींना फार थंडी वाजते, पण काहींना वाजायला हवी तेव्हा वाजतच नाही, वयाने ती जाणीवच बोथट होते. आजोबा ओट्यावर गप्प बसलेत म्हणजे बरे आहेत असं समजू नका. पोटाला हात लावून बघा. पोट गार लागलं, बोलणं अडखळायला लागलं, कुडकुडणं थांबून गुंगी आली, तर ते धोक्याचं आहे. ओलं काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असतील तर कोमट गोड चहा द्या आणि दवाखान्यात न्या. हातपाय जोरात चोळायचे नाहीत, आगीजवळ न्यायचं नाही. साखरेच्या आजाराच्या माणसाला गरम पाण्याची पिशवी थेट पायाला लावू नका. पाय बधिर असतात, भाजलेलं कळत नाही.

अक्काचं विचाराल तर तिला अजून थंडी वाजते, पूर्वीइतकी नाही. गाठीचं ऑपरेशन कांद्याचा हंगाम संपल्यावर करायचं ठरलंय. त्यासाठी गटातून कर्ज मंजूर झालंय, आणि दंडाचे तीस रुपये मी रजिस्टरमध्ये खोडले. परवानगी न घेता खोडले म्हणून अध्यक्षबाई माझ्यावर रागावल्या, तेही बरोबरच आहे.

रक्ताची तपासणी उपकेंद्रात होते, आशाताईंना वार विचारून घ्या. आणि उद्या पहाटे कांद्याच्या वाफ्यात उतरणार असाल तर भाकरीच्या फडक्याबरोबर एक जुना टॉवेल आणि कोरड्या मोज्यांचा जोड पिशवीत टाका.